शेत आणि क्षेत्र

रोमच्या तेर्मिनी स्थानकावरून फ्रास्कातीची गाडी पकडली की अर्ध्या तासात शहर मागे पडतं आणि डोंगरउतारावरचे द्राक्षमळे सुरू होतात. हा लोहमार्ग 1856 सालचा, पोपच्या राज्यातला पहिला. लोक फ्रास्कातीला येतात ते तिथल्या पांढऱ्या वाइनसाठी, नाहीतर रोमचा उन्हाळा सोसवत नाही म्हणून. मी गेले ती फेब्रुवारीच्या अखेरीला. मला जायचं होतं गावाच्याही वर, तुस्कुलुमच्या टेकडीवर.

तुस्कुलुम आज नांदतं गाव नाही. 1191 साली रोमकरांनी ते पाडलं आणि नंतर कुणी ते पुन्हा वसवलं नाही. उरलं आहे ते काळ्या दगडांची फरसबंदी असलेला रस्ता, चौकाची जागा आणि गवतात बसवल्यासारखं एक छोटं नाट्यगृह. 1994पासून स्पॅनिश पुरातत्त्वज्ञ इथे खणत आहेत. वर उभं राहिलं की एका बाजूला रोमचं धुरकट मैदान दिसतं आणि दुसऱ्या बाजूला मोंते कावो. एवढ्याशा टेकडीवर दोन माणसं वावरली, आणि मी ज्या शब्दाच्या मागावर होते त्याचं अर्धं आयुष्य या दोघांच्या मधल्या अंतरात घडलं.

पहिला कातो. इसवी सनापूर्वी 234च्या सुमारास तो इथेच जन्मला. म्हातारपणी, इ.स.पू. 160च्या आसपास, त्याने शेतीवर एक पुस्तक लिहिलं. लॅटिन गद्यातलं अखंड उरलेलं ते सर्वांत जुनं पुस्तक. नाव ‘दे आग्री कुल्तुरा’, म्हणजे शेताच्या मशागतीविषयी. त्यात तत्त्वज्ञान औषधालाही नाही. ऑलिव्हच्या एवढ्या जमिनीला किती माणसं लागतात, घाणा कसा बसवायचा, वेलींची लागण कशी करायची, कोबी खाल्ल्याने काय काय बरं होतं, अशी सगळी कामाची बोली. कातोच्या तोंडी ‘कुल्तुरा’ म्हणजे मातीला हात लावणं, दुसरं काही नाही.

या ‘कुल्तुरा’च्या मुळाशी ‘कोलेरे’ हे क्रियापद आहे, आणि ते मला फार जवळचं वाटतं. जमीन कसणं, एखाद्या जागी राहणं, निगा राखणं, देवाची पूजा करणं ही चारही कामं लॅटिन माणूस याच एका क्रियापदाने सांगत असे. भाषाशास्त्रज्ञ त्याला संस्कृतातल्या ‘चर्’ धातूचा सख्खा नातलग मानतात. म्हणजे आपले आचार, आचरण आणि परिचर्या हे त्याच घराण्यातले. ‘कोलेरे’ला मराठीत एकच शब्द द्यायचा तर मी परिचर्याच देईन. जमिनीची, घराची, देवाची परिचर्या.

या क्रियापदाची पोरं युरोपभर पसरली, आणि सगळीच काही गुणी निघाली नाहीत. जमीन कसणारा तो ‘कोलोनुस’, त्याच्या वस्तीला ‘कोलोनिया’. ऱ्हाईनकाठच्या कलोन शहराच्या नावात तीच वस्ती आहे. पोर्तुगीजमधलं ‘कोलोनिया’ही तेच. 1951 साली पोर्तुगालने आपल्या राज्यघटनेतून हा शब्द काढून टाकला आणि ताब्यातल्या प्रदेशांना ‘सागरपार प्रांत’ म्हणायला सुरुवात केली. गोव्यातल्या माणसाच्या आयुष्यात त्या बदलाने काय फरक पडला हे तिथल्या स्वातंत्र्यसैनिकांच्या तुरुंगवासावरून दिसतं. ‘कोलेरे’च्याच पोटी ‘इन्क्विलिनो’ जन्मला. इटालियन, स्पॅनिश आणि पोर्तुगीज या तिन्ही भाषांत तो आजचा भाडेकरू आहे. आणि पूजेच्या अंगाने ‘कुल्तुस’, ज्याचे वंशज आज रोमान्स भाषांत उपासनेला आणि पंथाला वापरले जातात.

टेकडीवरचा दुसरा माणूस सिसेरो. या परिसरात त्याचा वाडा होता, बागा होत्या, वाचायला आणि वाद घालायला वेगळ्या जागा होत्या. इ.स.पू. 45च्या फेब्रुवारीत त्याची मुलगी तुलिया बाळंतपणानंतर गेली. त्या दुःखात त्याने झपाटल्यासारखं लिहिलं, आणि त्याच वर्षीच्या लिखाणात याच वाड्यात पाच दिवस चाललेला संवाद आहे. दुसऱ्या दिवसाचा विषय शारीरिक वेदना कशी सोसावी हा. तिथे समोरचा माणूस शंका काढतो: तत्त्वज्ञान एवढं मोठं, तर खुद्द तत्त्वज्ञांचं वागणं असं का? सिसेरो उत्तर देतो ते शेतकऱ्याचं. कसलेलं प्रत्येक शेत पिकतंच असं नाही. पण जमीन कितीही सुपीक असली तरी मशागतीवाचून ती फळ देत नाही, आणि मनाचंही तसंच. तत्त्वज्ञान ही मनाची मशागत. ते आधी तण मुळासकट उपटतं आणि मग पेरतं.

मराठी माणसाला यात काही नवखं वाटत नाही. ‘मनाची मशागत’ हे आपण शाळेच्या स्नेहसंमेलनात उठताबसता ऐकतो. आपला ‘मशागत’ मुळात अरबी, कष्ट या अर्थाचा. वेगळ्या वाटेने निघून तोही सिसेरोच्या बांधावर येऊन पोचला. पण तुस्कुलुमच्या त्या गवतात उभी असताना मला आणखी एक गोष्ट टोचत होती. सिसेरोची जमीन गुलाम कसत होते. शब्द शेतातून मनात गेला तो कुदळ हातात असलेल्याच्या तोंडून नव्हे, मालकाच्या तोंडून. त्या शब्दाच्या पुढच्या सगळ्या प्रवासात ही फट आहे, आणि ती मला कधीच विसरता आलेली नाही.

उतरताना एका मळ्यात छाटणी चालली होती. साठीपुढचा माणूस, कंबरेला पिवळ्या वाळुंजीच्या बारीक फोकांची जुडी खोचलेली. कात्रीने काडी कापायची, दोन डोळे राखायचे, वाकवून तारेला धरायची आणि एक फोक ओढून दोन वेढे देऊन पीळ मारायचा. सुतळी नाही, प्लॅस्टिक नाही. पीळ मारताना त्याचा अंगठा ज्या तऱ्हेने वळत होता ते मी कितीतरी वेळ पाहत राहिले. माझं माहेर तासगावकडचं, त्यामुळे बोलणं आपसूक सुरू झालं. आमच्याकडे वर्षात दोनदा छाटतात, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, कारण आमच्या उष्णतेत वेल झोपतच नाही, हे मी सांगितलं तेव्हा त्याने कात्री खाली ठेवली. “सिन्योरा, मग वेल विश्रांती कधी घेते?” त्याला माझ्या उत्तराने समाधान झालं नाही. वेलीचं आयुष्य त्याने कमी होतं का, फळ कितव्या वर्षापासून घेता, असं तो खोदून विचारत राहिला.

बोलताना तो सारखा ‘कोल्तुरा’ म्हणत होता. इटालियनमध्ये हा शब्द दोन रूपांत जगतो. ‘कोल्तुरा’ म्हणजे पीक आणि पिकाची लागवड. प्रयोगशाळेत काचेच्या बशीत वाढवतात त्या जिवाणूंचीही कोल्तुराच. आणि ‘कुल्तुरा’ म्हणजे ग्रंथ, संगीत, चित्रं, आणि रोममधलं ते मंत्रालय. मधे फरक एका स्वराचा. शाळेत मुलांनी अदलाबदल केली की लाल शाई. ओकार बोलीतून झिजत आलेला, उकार पुस्तकातून उचललेला.

ही गोष्ट मराठी वाचकाला समजावून सांगावी लागत नाही, कारण तत्सम आणि तद्भव आपण शाळेतच शिकतो. आपल्याकडे ‘क्षेत्र’ झिजून ‘शेत’ झालं. शेतात नांगर चालत राहिला. ‘क्षेत्र’ पोथीत सुरक्षित होतंच, ते तिथून पुन्हा बाहेर आलं आणि तीर्थक्षेत्र, शिक्षणक्षेत्र, कार्यक्षेत्र असं वावरू लागलं. एकाच आईची दोन मुलं, एक गावात राहिलं आणि एक शहरात मोठं झालं. लॅटिनच्या लेकी-भाषांत ‘कुल्तुरा’चं नेमकं हेच झालं. सगळ्यांत ठळक झालं ते फ्रेंचमध्ये.

पॅरिसच्या मारे भागात पिकासो संग्रहालयाच्या मागच्या अंगाला एक अरुंद रस्ता आहे, रू दे कुत्यूर सँ-झेर्वे. निळ्या पाटीवर पांढरी अक्षरं. कुत्यूर म्हटलं की सगळ्या जगाला पॅरिसचे नामांकित शिंपी आठवतात, त्यामुळे त्या पाटीखाली फोटो काढून घेणारे पुष्कळ. पण इथे शिवणकामाचा संबंध नाही. शिवणकामाचं ‘कुत्यूर’ लॅटिन ‘कोन्सुतुरा’तून आलं, या रस्त्यावरचं ‘कुल्तुरा’तून. जुन्या फ्रेंचमध्ये व्यंजनाआधीचा ‘ल’ विरून त्याचा ‘उ’ झाला, जसं लॅटिन ‘आल्तेर’चं आजचं ‘ओत्र’ झालं, आणि दोन परके शब्द एकाच उच्चारावर येऊन थांबले. या कुत्यूर म्हणजे सँ-झेर्वे रुग्णालयाच्या जमिनी. तटबंदीबाहेरच्या दलदलीचं पाणी काढून तिथे भाजीपाला पिकवत. फ्रेंचमध्ये भाजीमळेवाल्याला आजही ‘मारेशे’ म्हणतात ते याच ‘मारे’वरून, म्हणजे दलदलीवरून.

तिथून पाच-सात मिनिटांवर रू द सेविन्ये. 1867पर्यंत या रस्त्याचं नाव होतं क्युल्त्यूर सँत-कातरीन, म्हणजे संत कॅथरिनच्या मठाची कसलेली जमीन. 1545च्या सुमारास मठाने ती तुकडे पाडून विकली आणि भाजीच्या वाफ्यांवर सरदारांचे, न्यायाधीशांचे वाडे उठले. त्यातला कार्नावाले वाडा आज पॅरिस शहराचं संग्रहालय आहे. 1677पासून तिथे मादाम द सेविन्ये राहत होत्या, ज्यांची पत्रं फ्रान्समधलं प्रत्येक शिकलेलं माणूस वाचतं. संग्रहालयात गेलेल्याला आपण ‘क्युल्त्यूर’ पाहायला आलो असं वाटतं. आणि खरोखरच तो क्युल्त्यूरमध्ये उभा असतो, फक्त कोबीच्या.

‘क्युल्त्यूर’ हे फ्रेंचमधलं तत्सम रूप. विद्वानांनी ते लॅटिन ग्रंथांतून नव्याने घेतलं. सुरुवातीला त्याला पुढेमागे काही जोडावं लागे: साहित्याची क्युल्त्यूर, शास्त्रांची क्युल्त्यूर. कशाची तरी मशागत. अठराव्या शतकात ते एकटं उभं राहायला शिकलं. मग जर्मनांनी ते उचललं, त्याला लोकसमूहाच्या जगण्याचा अर्थ दिला आणि तो अर्थ हळूहळू फ्रेंचमध्येही परत आला. 1959 साली द गॉलने आंद्रे माल्रोकडे सांस्कृतिक व्यवहारांचं मंत्रालय दिलं, तेव्हा शब्दाला खुर्ची मिळाली. मशागत या शब्दाला ‘कशाची?’ हा प्रश्न विचारता येतो. संस्कृती ही आधीच तयार असलेली, वारशाने मिळालेली वस्तू आहे असं बोलायला लागलो की तो प्रश्न बंद होतो. मला याचं वाईट वाटतं. आज युरोपात आणि आपल्याकडेही संस्कृतीच्या नावाने जी भांडणं होतात त्यांत प्रत्येकजण आपला सातबारा घेऊन आलेला असतो आणि शेत कोण कसतंय हे कुणी विचारत नाही.

इटालियन-फ्रेंचच्या इतर बहिणींकडे हा जुना तद्भव टिकलेला दिसत नाही. लॅटिन ‘मुल्तुम’चं स्पॅनिशमध्ये ‘मुचो’ झालं, त्या हिशोबाने ‘कुल्तुरा’चं ‘कुचुरा’ व्हायला हवं होतं. ते झालं नाही. स्पॅनिश ‘कुल्तुरा’ ही पुस्तकातली, पोर्तुगीजही तशीच. रुमानियन ‘कुल्तुरा’ तर बरीच अलीकडची, एकोणिसाव्या शतकातल्या लाटेबरोबरची, पण मक्याच्या लागवडीला आणि गावातल्या सांस्कृतिक भवनाला तिथे हा एकच शब्द चालतो. बुखारेस्टच्या एका मंत्रालयाचं नाव या शतकाच्या सुरुवातीला काही वर्षं ‘संस्कृती आणि पंथ’ असं होतं. ‘कुल्तुरा’ आणि ‘कुल्तुस’, दोन हजार वर्षांपूर्वीची भावंडं, एका पाटीवर.

पॅरिसमध्ये असताना एका मराठी माणसाची आठवण येणं मला अटळ होतं, आणि त्याचं नाव मला ठाऊक नाही. सुनीतिकुमार चटर्जी 1921-22 साली पॅरिसमध्ये शिकत होते. तिथे त्यांनी ज्यूल ब्लॉक यांच्याकडेही अभ्यास केला. हे तेच ब्लॉक, ज्यांचा मराठीच्या घडणीवरचा फ्रेंच ग्रंथ 1920 साली छापला गेला आणि ज्याचं मराठी भाषांतर पुढे वासुदेव गोपाळ परांजपे यांनी केलं. ‘क्षेत्र’चं ‘शेत’ कसं होतं याची शास्त्रशुद्ध मांडणी या फ्रेंच ग्रंथात झाली. त्या काळी बंगालीत ‘कल्चर’साठी ‘कृष्टी’ हा शब्द चालत असे, ‘कृष्’ म्हणजे नांगरणे या धातूपासूनचा. रवींद्रनाथांना तो मुळीच आवडत नसे. 1922 साली पॅरिसमध्येच चटर्जींना एका महाराष्ट्रीय मित्राकडून कळलं की मराठीत यासाठी ‘संस्कृती’ हा शब्द रूढ आहे. परतल्यावर त्यांनी तो रवींद्रनाथांना सांगितला आणि त्यांना तो पसंत पडला.

मराठीने बंगालीला दिलेली ही भेट मला अभिमानाची वाटते. ‘संस्कृती’ शब्द सुंदर आहे, त्यात ‘कृ’ आहे, करणं आहे. तरीही मी ‘कृष्टी’च्या बाजूने दोन शब्द बोलेन. वेदांमध्ये ‘कृष्टी’ म्हणजे माणसं, जमीन नांगरून वस्ती केलेली माणसं. कातोला ऐकवला असता तर त्याने मान डोलावली असती.

ल माँ शहरात मी एक दुपार काढली, ती एका मठासाठी. सहाव्या शतकाच्या शेवटी बिशप बेर्त्राँ यांनी तो स्थापला आणि लॅटिनमध्ये त्याला नाव मिळालं ‘कुल्तुरा देई’, देवाचं शेत. लोकांच्या तोंडी त्याचं ‘ला कुत्यूर’ झालं. मठाच्या इमारतीत आता जिल्ह्याचं सरकारी मुख्यालय आहे. चर्च मात्र चालू आहे, खांब नसलेलं रुंद सभागृह आणि आत जेर्माँ पिलाँ यांनी सोळाव्या शतकात घडवलेली संगमरवरी मेरी. देवाचं नाव गळलं, शेत राहिलं.

खरा ओढा होता तो ल्वार खोऱ्याचा. फ्रान्समध्ये ल्वार नावाच्या दोन नद्या आहेत. एक वाड्या-महालांची जगप्रसिद्ध, स्त्रीलिंगी. दुसरी तिच्या उत्तरेची, लहान, पुल्लिंगी. उच्चार एकच. मी गेले ती दुसरीकडे, कुत्यूर-स्युर-ल्वार या गावी, मे महिन्यात. गव्हाला नुकत्या ओंब्या फुटत होत्या. 1524 साली या गावाच्या हद्दीतल्या ला पोसोनिएर वाड्यात पिएर द राँसार जन्मला, फ्रेंच कवितेचा सोळाव्या शतकातला राजा. वाड्यामागे पांढऱ्या मऊ दगडाची कपार आहे आणि त्यात कोरून काढलेली कोठारं. कवीचे वडील लढाईनिमित्त इटलीत राहून आलेले. त्यांनी वाइनची खोली, धुण्याची खोली, स्वयंपाकाचं कोठार अशा प्रत्येक दारावर लॅटिनमध्ये नाहीतर फ्रेंचमध्ये अक्षरं कोरून घेतली. अक्षरांवर शेवाळ आलं आहे, पण बोट फिरवलं की खाच लागते. धुण्याच्या खोलीलाही नाव आणि वळणदार अक्षर मिळावं असं वाटणारा हा घरमालक मला मनापासून आवडला.

राँसारचा मित्र द्यु बेले. 1549 साली त्याने फ्रेंच भाषेची कड घेणारं पुस्तक लिहिलं. पंडितांचा तेव्हा सूर होता की गंभीर लिहायचं तर लॅटिनमध्ये, फ्रेंच दरिद्री आहे. द्यु बेलेने त्यावर शेतकऱ्याचं उत्तर दिलं. त्यातलं पुष्कळसं इटालियन स्पेरोनीच्या 1542च्या संवादातून घेतलेलं आहे, पण म्हणून ते कमी खरं ठरत नाही. लॅटिन तरी सुरुवातीला कुठे श्रीमंत होती? रोमनांनी चांगल्या शेतकऱ्यासारखं तिला रानातून उचलून राखलेल्या जमिनीत लावलं, नको त्या फांद्या छाटल्या, ग्रीकची कलमं बांधली. आपल्या पूर्वजांनी मात्र आपली भाषा रानवेलीसारखी सोडून दिली, पाणी घातलं नाही, छाटली नाही, काटेरी झुडपांत कोंडू दिली. दोष वेलीचा नाही, राखणाऱ्यांचा.

मी पुण्यात मुलांना फ्रेंच शिकवते. मराठीत विज्ञान लिहिता येत नाही, कायदा लिहिता येत नाही, असं मराठी तोंडांतून रोज ऐकते. म्हणून हा उतारा मला पाठ्यपुस्तकातला वाटत नाही. पंचविशीतल्या त्या तरुणाला, ज्याच्या भाषेत पुढे मोलिएर आणि व्होल्तेर लिहिणार होते, तेव्हा हे आधी सिद्ध करावं लागत होतं की ती कसायला योग्य जमीन आहे. आणि कवींच्या ज्या जमातीने हे सिद्ध केलं तिचा म्होरक्या राँसार ‘कुत्यूर’ नावाच्या गावचा.

2019पासून सरकारी दप्तरात ते गाव नाही. शेजारच्या त्रेएशी त्याचं एकत्रीकरण झालं आणि नवं नाव पडलं ‘वाले-द-राँसार’, राँसारचं खोरं. कवीच्या नावासाठी गावाचं नाव मागे सरलं. मी उतरले होते त्या घरच्या मादाम म्हणाल्या, पत्ता लिहिताना हात अजून जुनंच लिहितो. त्या आणि त्यांचे यजमान शेती करतात, वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या पाहुण्यांना देतात.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर त्यांचं काम चाललेलं होतं. युरोपीय अनुदानासाठी दर वर्षी मेच्या मध्यापर्यंत प्रत्येक तुकड्यात काय पेरलं ते ऑनलाइन भरावं लागतं. संगणकाशेजारी त्यांची चौकटीची वही उघडी होती. पहिल्या रकान्यात शेताचं नाव, मग हेक्टर, मग ‘क्युल्त्यूर’ आणि त्याखाली तीन अक्षरी सरकारी संकेत. बीटीएच म्हणजे हिवाळी गहू, टीआरएन म्हणजे सूर्यफूल. मी ओळी वाचत गेले. ओढ्याकडचं, बीटीएच. चर्चमागचं, बीटीएच. आणि पाचव्या ओळीत: ‘ग्रांद कुत्यूर’, क्युल्त्यूर, टीआरएन. मोठं शेत, पीक सूर्यफूल. मी त्यांना दोन्ही शब्दांवर बोट ठेवून हे एकच आहेत म्हटलं, तेव्हा त्यांनी चष्मा वर सरकवून ओळ पुन्हा वाचली आणि नवऱ्याला हाक मारली.

ते आले ते कबुतरांवर तडकलेले. ग्रांद कुत्यूरमध्ये सूर्यफुलाचे कोंब वर येतायत तोवर कबुतरांनी खुडून नेले, बांधाकडचं जवळजवळ सगळं गेलं, म्हणाले. पुन्हा पेरायचं तर बियाणं उद्याच आणायला हवं. मादामनी संकेत खोडला नाही, शेजारी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं आणि मला विचारलं, तुमच्याकडे कबुतरांना काय करतात?